उपासनेतला पाहुणा



वसंत ऋतूत व्याख्याने करण्याची आपल्या प्रांतातली प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. ती आता पुण्याच्या पेठांतून बाहेर पडून चांदणी चौकाची चढण चढून भूगावपर्यंत आली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. आजचा माझा विषय ऐकून काही मंडळींना थोडे नवल वाटले असेल. परदेशातून आठ-पंधरा दिवसांसाठी येणारे ख्रिस्ती लोक इथल्या ख्रिस्ती बांधवांबरोबर उपासनेला बसतात, तेव्हा काय होते आणि काय व्हावयास पाहिजे, हा तो विषय. यात आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दोन प्रकारचा आहे. एक तर मराठी ख्रिस्ती हे आपले शेजारी आहेत. त्यांच्या अंगणात जे घडते त्याचे बरेवाईट आपल्याही आळीला लागते. दुसरे असे की दुसऱ्याच्या उपासनेत पाहुणा म्हणून बसण्याचा प्रसंग आज आपल्यापैकी प्रत्येकावर येतो. या गावाच्या नव्या वसाहतींत नाना प्रांतांचे आणि नाना पंथांचे लोक एकाच जिन्याने वरखाली करतात. कोणाच्या घरची पूजा, कोणाची प्रार्थना, कोणाचे लग्न असतेच. तिथे कसे बसावे हे आपल्याला तरी कुठे कोणी शिकवले आहे?

पूर्वी मिशनरी येत तो आयुष्य काढावयास येई. अमेरिकन मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईस उतरले आणि १८३१ साली अहमदनगरला त्यांचे ठाणे झाले. त्यांतले कित्येक इथेच म्हातारे झाले, कित्येकांची मुले इथल्या मातीत पुरली गेली. विमानाचा प्रवास सुलभ झाल्यावर आणखी एक प्रकार निघाला. अमेरिकेतली किंवा कोरियातली एखादी मंडळी आपल्यातले दहा-वीस स्त्रीपुरुष, पुष्कळदा तरुण मुले, थोड्या दिवसांसाठी दुसऱ्या देशात पाठवते. ती मुले तिथे एखादी शाळा रंगवतात, औषधे वाटण्यास मदत करतात, आणि रविवारी तिथल्या मंडळीबरोबर प्रार्थनेला बसतात. त्यांचा हेतू बहुधा चांगला असतो. पण हेतू चांगला म्हणून वर्तन बरोबर, असे व्यवहारात ठरत नाही. उपासनेत तर त्याहून नाही.

कारण उपासना हा तमाशा नव्हे की जत्रा नव्हे. जत्रेत कोणीही शिरावे, दोन पैशांची रेवडी घ्यावी आणि निघावे. उपासनेत माणूस उघडा असतो. तो तिथे रडतो, पश्चात्ताप करतो, मेलेल्यांची नावे घेतो. त्या जागी परका येऊन बसला की वातावरण बदलते, त्याने तोंडातून शब्द काढला नाही तरी बदलते. २०१७ साली महाराष्ट्र केसरीचा आखाडा याच भूगावात भरला होता, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. बाहेरगावचा मल्ल कितीही नामांकित असो, हौद्यात पाऊल टाकण्यापूर्वी वाकून तिथली माती कपाळाला लावतो. त्या मातीवर आपल्याआधी कोणी घाम गाळला आहे, एवढी जाणीव त्या वाकण्यात असते. उपासनेतल्या पाहुण्याचा पहिला धर्म हाच. तो पाळला गेला तेव्हा काय झाले आणि पाळला गेला नाही तेव्हा काय झाले, हे सांगणारी उदाहरणे आपल्याच मराठी मुलखात भरपूर आहेत.

सर्वांत जुने उदाहरण फादर स्टीफन्स यांचे. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्याला आला आणि १६१९ साली तिथेच वारला. म्हणजे चाळीस वर्षे. या काळात त्याने साष्टीतल्या लोकांची बोली शिकली, मराठीचा अभ्यास केला, आणि १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण छापून प्रसिद्ध केले. मराठी भाषेची त्याने केलेली स्तुती शाळेच्या पुस्तकातून आपण सर्वांनी वाचली आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकण्याची सवय होती. ते देवळाच्या ओसरीवर बसून ओव्या ऐकत वाढले होते. तेव्हा त्याने त्यांच्यापुढे ओवीच ठेवली. पण चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. त्याच साष्टीत पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती, आणि त्या संतापाच्या पोटी १५८३ साली कुंकळ्ळीला पाच जेझुइट धर्मगुरू मारले गेले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. एकाच धर्माचे, एकाच किनाऱ्यावर उतरलेले दोन पाहुणे: एकाने यजमानाची भाषा उचलली, दुसऱ्याने ती बंद करू पाहिली. ओवी टिकली. हुकुमाची आठवण फक्त इतिहासाच्या पुस्तकात राहिली.

आता आपल्या अधिक जवळच्या काळात येऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव इथे कोणाला अपरिचित नाही. १८९३ च्या सुमारास ते आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. त्याने टिळकांना आदराने जागा दिली, संस्कृत काव्यावर त्यांच्याशी चर्चा केली, आणि उतरताना नव्या कराराची एक प्रत हाती ठेवली. तो गृहस्थ कोण होता याचा टिळकांना पुढे कधीच पत्ता लागला नाही. पाहा, याहून अल्पकाळचा पाहुणा कोणता? एका प्रवासाचा सोबती! पण त्याने टिळकांना आपल्यासारखे व्हा म्हटले नाही. त्याने त्यांच्या काव्याविषयी विचारले. समोरच्या माणसाजवळ काय आहे हे आधी जाणून घेण्याची इच्छा त्याला होती, आणि थोड्या वेळात करता येण्याजोगे काम हेच आहे.

१८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तो परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता देशी पाळकाच्या हातून घेतला. पुढे अहमदनगरला राहून त्यांनी पाहिले की आमचे लोक इंग्रजी चालीवर बसवलेली भाषांतरित गीते गात आहेत. शब्द मराठी, पण जिभेवर न रुळणारे. चाल विलायती, ठेका परका. अभंग आणि ओवी ज्यांच्या आईच्या जात्यावर ऐकू येत होती त्या लोकांना देवापुढे मात्र उसन्या सुरात उभे राहावे लागत होते. नगरच्या मंडळीत कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी देशी पदे आणि कीर्तन यांची वाट आधीच पाडली होती; टिळकांनी तिचा राजमार्ग केला. त्यांची भजने आजही मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या संग्रहात मोठ्या प्रमाणावर आहेत आणि रविवारी गायिली जातात. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचे एक कुटुंब उभारण्याचा संकल्प केला. १९१९ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले आणि तो संकल्प अपुरा राहिला.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो आदराने ऐकला पाहिजे. आक्षेप असा की टाळ, वीणा, अभंग ही सारी वरची वेषभूषा आहे. लोकांना भुलवण्यासाठी परक्या धर्माने घातलेला देशी अंगरखा आहे. काही बाहेरच्यांनी तसे केलेही असेल. पण टिळकांच्या बाबतीत हा आक्षेप टिकत नाही. कोकणातल्या करजगावी जन्मलेला, मराठीत स्वप्ने पाहणारा कवी मराठीत देव आळवतो तेव्हा तो सोंग घेत नाही. त्याने इंग्रजी चालीत गाणे हेच सोंग झाले असते. वेष कोणता हा खरा प्रश्नच नाही. तो कोणी निवडला, हा आहे. ज्याची उपासना त्याने तो निवडला असेल तर तो वेष राहत नाही, त्याची कातडी होते.

हाच प्रश्न उलट्या बाजूने पाहावयाचा असेल तर पंडिता रमाबाईंकडे वळले पाहिजे. इथे पाहुणी मराठी आणि यजमान विलायती. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहिल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी व त्यांच्या लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. यजमानिणी मायाळू होत्या यात शंका नाही. पण त्यांची अशी समजूत होती की ख्रिस्ताचा स्वीकार म्हणजे आमच्या पद्धतीचा, आमच्या धर्मगुरूंच्या अधिकाराचा आणि आमच्या ताटातल्या अन्नाचाही स्वीकार. रमाबाई शाकाहारी राहिल्या. अंडे घातलेले पक्वान्नसुद्धा त्यांनी घेतले नाही. त्यावर भगिनी जेरल्डीन यांना वाटले की हा जुन्या जातीचा अभिमान शिल्लक आहे. क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, माझ्या देशाची भाषा का नसावी, असेही रमाबाईंनी विचारले. त्यांचा हा पत्रव्यवहार पुढे १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. तो वाचताना एक गोष्ट मनात भरते: त्या परक्या घरी, परक्या अन्नावर, मुलीसह राहत असूनही ही बाई देवाच्या बाबतीत कोणाची मिंधी झाली नाही. ज्याचे अन्न खातो त्याच्याच शब्दांत प्रार्थना केली पाहिजे, हे तिने नाकारले.

आणि परतल्यावर तिने काय केले? १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले, पुढे ते पुण्यास आणले, आणि नंतर केडगावला मुक्ती सदन उभे केले. तिथे दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली आल्या. परदेशांतून मदत आली, माणसेही आली. तरीही रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. पैसा बाहेरून आला तरी शब्द घरचा असला पाहिजे, हा धडा त्यांनी वाँटेजला स्वतःच्या अंगावर शिकलेला होता.

आता हे लक्षात घ्या की त्या काळी हिंदू समाजातही एकत्र बसणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली मोठमोठी मंडळी व्याख्यानाच्या निमित्ताने गेली. तिथे चहा-बिस्किटे पुढे आली. रानडे आणि लोकमान्य टिळक दोघेही त्यांत होते. नावे वृत्तपत्रात छापली गेली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ताचे वाद वर्षानुवर्षे चालले. आज आपण त्या ग्रामण्याला हसतो. पण त्यातला एक विचार हसण्यासारखा नाही: दुसऱ्याच्या घरी बसून काय घ्यावे आणि काय घेऊ नये याला अर्थ असतो, हे त्या लोकांना कळत होते. आज आपण सगळीकडे सगळे घेतो आणि कशालाच अर्थ उरत नाही, हीदेखील काही प्रगती नव्हे.

पुण्यातलेच आणखी एक उदाहरण. जॅक विन्स्लो हे इंग्रज पाद्री १९१४ साली हिंदुस्थानात आले आणि नगर जिल्ह्यात काम करू लागले. टिळकांचे चरित्र त्यांनीच १९२३ साली इंग्रजीत लिहिले. १९२२ साली त्यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. काही वर्षांनी त्याचा आश्रम शिवाजीनगरला आला. इंग्रज आणि भारतीय सभासदांनी एकत्र राहावे, खादी नेसावी, जमिनीवर बसून जेवावे, प्रार्थना देशी रीतीने करावी, असा त्यांचा नेम होता. १९२७ साली व्हेरिअर एल्विन हा तरुण तिथे आला. पुढे तो गांधीजींच्या सहवासात गेला, मग गोंडांच्या वस्तीत जाऊन राहिला, १९३५ साली त्याने चर्चशी नाते सोडले, आणि १९५४ साली तो भारताचा नागरिक झाला. शिकवावयास आलेला माणूस इतका शिकला की घरी परत गेलाच नाही! सर्वांनी असे करावे असे मी म्हणत नाही. विन्स्लोंची श्रद्धा अखेरपर्यंत ढळली नाही, एल्विन वेगळ्या वाटेने गेले. पण दोघांनीही यजमानाच्या चटईवर बसण्यापासून सुरुवात केली.

हे सारे दीर्घकाळ राहिलेले लोक झाले. पंधरा दिवसांच्या पाहुण्याने काय करावे? चाळीस वर्षे त्याच्याजवळ नाहीत, भाषा नाही, ओवी नाही. म्हणूनच त्याने अधिक जपले पाहिजे. कल्पना करा: एका लहान मंडळीत रविवारी परदेशी पाहुणे येणार आहेत. नेहमी जमिनीवर बसणारे लोक त्या दिवशी खुर्च्या मागवतात. नेहमी पेटी-तबल्यावर भजन होते. त्या दिवशी पाहुण्यांना कळावे म्हणून इंग्रजी गीत निवडले जाते. पाळकाचे प्रवचन आखडते, पाहुण्याचे भाषण वाढते, आणि त्याचे एकेक वाक्य थांबून थांबून मराठीत सांगितले जाते. म्हाताऱ्या बायका, ज्यांना सारी भजने तोंडपाठ, त्या मागे गप्प बसतात. शेवटी छायाचित्रे निघतात. यात दुष्टपणा कोणाचाच नाही. पाहुण्याला वाटते, यांनी किती प्रेमाने स्वागत केले. यजमानाला वाटते, पाहुण्याचा मान राखला. पण त्या रविवारी त्या घरची उपासना मात्र झालीच नाही.

याच्या मुळाशी पुष्कळदा पैसा असतो, हे स्पष्ट बोललेले बरे. छपराचे पत्रे, शाळेची फी, विहिरीचा पंप अशा गोष्टी ज्याच्याकडून येण्याची आशा असते त्याच्यापुढे मनुष्य सहज वाकतो, आणि वाकलेल्या मानेने मोकळी प्रार्थना होत नाही. म्हणून देणग्यांचा विषय आणि प्रार्थनेची वेळ एकमेकांपासून दूर ठेवावी. दान द्यावयाचे तर ते मंडळीच्या पंचांकडे, हिशेबाने, मागून द्यावे. वेदीसमोर टाळ्यांच्या गजरात देऊ नये.

आपल्या सरकारचा नियमही इथे विचार करण्यासारखा आहे. परदेशी प्रवाशाने प्रार्थनास्थळी जाण्यास, नेहमीच्या धार्मिक कार्यक्रमाला उपस्थित राहण्यास मनाई नाही. मात्र प्रवासी परवान्यावर येऊन धर्मप्रचाराची भाषणे करणे, पत्रके वाटणे, धर्मांतराचे काम करणे याला परवानगी नाही. नियमाच्या राजकारणात मी शिरत नाही. त्यावर मतभेद आहेत आणि असू शकतात. पण नकळत त्या नियमाने एक शहाणपणाची रेघ ओढली आहे: बसून ऐकणे एक, उठून शिकवणे दुसरे. कायदा नसता तरी सभ्य पाहुण्याने ही रेघ स्वतःच ओढली असती. आणि ती ओलांडली गेली तर पाहुणा विमानात बसून निघून जातो. संशयाला तोंड द्यावे लागते ते इथेच राहणाऱ्या गरीब मंडळीला. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या, इथल्याच मातीत राबणाऱ्या माणसाला शेजारी विचारतो, तुम्ही बाहेरचे ना? त्या प्रश्नाची जखम पाहुण्याला दिसत नाही.

मग अशा पाहुण्यांनी येऊच नये काय? मी तसे म्हणणार नाही. आमच्या वारीत एखादा दिवस चालणारे लोक असतातच. आळंदीहून निघालेल्या दिंडीत कोणी पुण्यापासून दिवेघाटापर्यंत चालतो आणि संध्याकाळी घरी परततो. त्याला कोणी हाकलत नाही. पण तो विणेकऱ्याच्या पुढे जात नाही, अभंग कोणता घ्यावयाचा हे तो ठरवत नाही, आणि आपण वारी केली असे तो गावभर सांगत सुटत नाही. विणेकऱ्याच्या मागे चालतो, येतील ते शब्द म्हणतो, न येतील तिथे टाळी धरतो. तेवढ्यातही त्याला जे मिळावयाचे ते मिळते. सातासमुद्रापलीकडच्या भक्ताला आपलाच देव परक्या भाषेत आळवला जाताना ऐकू येतो, आणि आपली भाषा ही देवाची एकुलती एक भाषा नाही हे त्याला उमगते. हा लाभ पंधरा दिवसांत होण्यासारखा आहे. वसई भागातल्या कॅथलिक बांधवांना विचारा. शतकानुशतके त्यांची मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनची परिषद भरली, लोकभाषेला मुभा मिळाली, आणि तीच उपासना मराठीत होऊ लागली. त्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. रोमसारख्या प्राचीन पीठालाही जर कळले की लोकांच्या तोंडची भाषा देवाला चालते, तर आठ दिवसांच्या पाहुण्याला ते कळण्यास हरकत नसावी.

तेव्हा पाहुण्याने थोडक्या गोष्टी पाळाव्यात. बोलावल्याशिवाय बोलू नये. यजमान बसेल तिथे बसावे. गुडघे दुखत असतील तर भिंतीला टेकावे, पण सर्वांसाठी खुर्च्या मागवू नयेत. दोन भजनांचे शब्द आधी शिकून यावे, चुकले तरी गावे. प्रभुभोजन कोणी घ्यावे याचे प्रत्येक पंथाचे नियम वेगळे असतात. ते आधी विचारावे. प्रार्थनेत रडणाऱ्याचे छायाचित्र घेऊ नये. आणि घरी परतल्यावर मी त्यांना काय दिले हे सांगण्याआधी मला काय मिळाले हे सांगावे. यजमानानेही आपला नित्यक्रम पाहुण्यासाठी मोडू नये. भाकरी-पिठले खाणाऱ्या घराने पाहुण्यासाठी एखादा गोड पदार्थ करावा हे ठीक. पण स्वतःची चूल विझवून बाहेरून ताट आणले, तर पाहुणा त्या घरी जेवला असे कसे म्हणावे?

राहता राहिलो आपण, जे या दोघांपैकी कोणीच नाही. आपले काम कदाचित सर्वांत कठीण आहे. शेजारच्या ख्रिस्ती घरातून मराठी भजनाचा सूर आला तर तो कोणा परक्याने शिकवलेला पाठ नाही. त्यामागे टिळकांचे गाणे आहे, लक्ष्मीबाईंचे घर आहे, केडगावच्या माउलीची तपश्चर्या आहे. तो आपल्याच भाषेचा ठेवा आहे. पुढच्या नाताळला त्या घरी बोलावणे आले तर जावे. भजन सुरू झाले की गप्पा थांबवाव्यात, मागच्या रांगेत बसावे, जमेल तर ठेका धरावा. पटेल ते घ्यावे, न पटेल ते नमस्कार करून तिथेच ठेवावे. परदेशी पाहुण्याकडून आपण ज्या रीतीची अपेक्षा करतो ती आपल्या अंगी आहे की नाही, याची परीक्षा त्या मागच्या रांगेत होईल.